आधी ठराव, मग खड्डा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की वृक्षलागवडीच्या उद्दिष्टांचे आकडे झळकू लागतात. महाराष्ट्राला हे नवे नाही. २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी, अशी चढती कमान आपण पाहिली आहे. आता या आकड्यांना हवामानबदलाचे पाठबळ मिळाले आहे. पॅरिस करारात भारताने २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन जास्तीच्या जंगलांत आणि झाडांत साठवण्याचे वचन दिले. त्यासाठी जमीन लागते आणि जमीन शोधणाऱ्याचे बोट नकाशावर फिरत फिरत ‘विरळ वन’ लिहिलेल्या तुकड्यावर येऊन थांबते. पूर्व विदर्भात आणि मेळघाटाच्या आसपास असे कित्येक तुकडे आज कायद्याने ग्रामसभांच्या व्यवस्थापनाखाली आहेत. तिथे खड्डा खणण्याआधी ग्रामसभेचा ठराव लागतो, हे योजना आखणाऱ्यांच्या गावीही नसते. म्हणून हे पत्र.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे नियम २००८ पासून लागू आहेत आणि त्यांतली महत्त्वाची दुरुस्ती सप्टेंबर २०१२ ची. कायद्याच्या कलम ३ ने गावाला आपल्या पारंपरिक सीमेतल्या जंगलाचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. कलम ५ ने तेच काम ग्रामसभेचे कर्तव्यही ठरवले. २००९ मध्ये गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टरांवर हा सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबू वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर एकट्या गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले. या बाबतीत हा जिल्हा देशात आघाडीवर आहे, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण हक्कपत्र हा कागद आहे. जंगल राखायला आराखडा, माणसे आणि पैसा लागतो, आणि नेमके तिथेच घोडे अडले आहे.

आधी ‘विरळ’ या शब्दाचा समाचार घेऊ. भारतीय वन सर्वेक्षणाच्या मोजणीत १० ते ४० टक्के छत्र असलेले जंगल ‘खुले’, म्हणजेच विरळ, आणि १० टक्क्यांखालचे ‘झुडपी’. छत्र म्हणजे वरून पाहिल्यावर फांद्यापानांनी झाकलेली जमीन. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यावर १० टक्के छत्र दिसले की ते वनाच्छादन. मग जमीन कोणाची आणि झाड कोणते, हे विचारले जात नाही. आमराई आणि निलगिरीची लागवडही त्यात बसते. २०२३ च्या अहवालात देशाचे वनाच्छादन २१.७६ टक्के आले, ते याच व्याख्येने. उलट ज्या माळावर मोह, चारोळी, तेंदू विखुरलेले उभे आहेत, मध्ये गुरांना पुरेल एवढे गवत आहे आणि जमिनीखाली जुन्या झाडांच्या मुळ्या जिवंत आहेत, तो माळ उपग्रहाला विरळ, म्हणजे ‘सुधारण्याजोगा’ दिसतो. गावाला तोच माळ वर्षातले चार महिने पोसतो.

अशा माळावर लागवडीचा ठरीव साचा येतो तेव्हा काय होते, ते गणितानेच कळेल. लागवडीच्या बदल्यात ‘ग्रीन क्रेडिट’ देणाऱ्या केंद्राच्या हरित पत योजनेत २०२४ ची अट हेक्टरी किमान १,१०० झाडांची होती. म्हणजे साधारण तीन मीटर बाय तीन मीटरवर एक खड्डा. तीन मीटरची ओळ सरळ ठेवायची तर मधली झुडपे आणि खुंटांना फुटलेले कोंब साफ करावे लागतात. जे जंगल आपले आपण उगवत होते ते कापायचे आणि रोपवाटिकेतले रोप लावायचे! पाऊस वेळेवर आला आणि मग तीन आठवडे दडी मारून बसला, जे आता वारंवार घडते, की पिशवीतले रोप सुकते. पुढच्या वर्षी नांग्या भरायच्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायची. खुंटाच्या कोंबाला मात्र खाली पंधरा-वीस वर्षांची मुळी असते. तो उघडीप सहज काढतो. ऑगस्ट २०२५ मध्ये योजनेची पद्धत बदलली. आता पाच वर्षांनंतर ४० टक्के छत्र दिसले तरच पत मिळते. नुसती झाडे मोजण्यापेक्षा हे बरे. पण ज्या माळाचा जीव गवतात आहे तिथे ४० टक्के छत्राचा आग्रह धरला तर गवत जाते, आणि गवत गेले की गुरे शेजारच्या गावाच्या जंगलात शिरतात. भांडण तिथून सुरू होते.

विरळ जंगल दाट करण्याचा स्वस्त मार्ग गावांना ठाऊक आहे. जंगलाचे तीन-चार भाग पाडायचे, एका भागात तीन ते पाच वर्षे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी, मग पुढचा भाग. घाणेरी (लँटाना) माजली असेल तर ती वरून छाटून काहीच साधत नाही, दुप्पट जोमाने फुटते. जमिनीखाली बोटभर खोलीवर मुख्य मूळ तोडायचे आणि झुडूप मुळ्या वर करून उलटे ठेवायचे. हे काम फळे धरण्याआधी झाले पाहिजे, नाहीतर पक्षी बी पसरवतात. जमिनीत आधीच पडलेले बी पुढची दोन-तीन वर्षे उगवत राहते, म्हणून तेवढी वर्षे फेरी मारावी लागते. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच गवताचे बी टाकले नाही तर रानतुळस ती जागा बळकावते. एका वर्षाच्या निधीत एका वर्षाचे काम दाखवणाऱ्या योजनांत हे बसत नाही, कारण यातला बराचसा खर्च दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीचा आहे.

आता वणवा. हवामानाचा फटका या जंगलांना सगळ्यांत आधी इथे बसतो. राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेले पट्टे, १५ फेब्रुवारीपूर्वी तयार व्हाव्यात, असा शिरस्ता आहे. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनचे सर्वाधिक नोंदले गेले. फेब्रुवारीच उन्हाळा झाल्यावर ही तारीख उशिराची ठरते. त्याहून मोठी चूक वेगळीच आहे. डिसेंबरात जाळरेषेवरचे गवत आणि झुडूप कापायचे, वाळू द्यायचे, मधोमध ओढायचे आणि वारा पडलेला असताना सकाळी लवकर जाळायचे, दोन्ही कडांना हिरव्या फांद्या घेऊन माणसे उभी ठेवायची, इथवर ठीक चालते. मग रेषा झाली म्हणून मजुरीचे देयक निघते. पण सागाची, मोहाची, तेंदूची पानगळ पुढे मार्चपर्यंत चालूच असते. जानेवारीत लख्ख केलेल्या रेषेवर मार्चमध्ये घोट्यापर्यंत पाचोळा साचतो आणि आग ती रेषा रस्ता ओलांडावा तशी ओलांडते. रेषा कामाची ठेवायची तर मार्चमध्ये किमान दोनदा झाडावी लागते. पाचोळा उडवणारे यंत्र असले तर हे काम झपाट्याने होते. मात्र पाचोळा कोरडा हवा, दवात भिजलेला पाला त्याने हलत नाही. या दुसऱ्या-तिसऱ्या झाडणीला पैसे कुठेच धरलेले नसतात.

आग लागल्यावरचे ज्ञानही गावातच असते. आग चढावर पळते, कारण ज्वाळेची ऊब वरचा पाला आधीच वाळवून ठेवते. म्हणून चढावर आगीच्या पुढे उभे राहायचे नाही. माथ्यावर किंवा माथ्याच्या पलीकडे पट्टा साफ करून तिथे तिला अडवायचे. पहाटे हवेत ओल असते, वारा पडलेला असतो, आग बसकी होते. विझवण्याची खरी वेळ तीच. आणि सकाळी सगळे विझले म्हणून घरी परतले की दुपारी तेच जंगल पुन्हा पेटते, कारण पोकळ ओंडके आतून धुमसत असतात. ते फोडून, माती लोटून थंड करावे लागतात. त्यासाठी दोन माणसे दिवसभर मागे ठेवावी लागतात. त्यांची मजुरी कोणी द्यायची, हा प्रश्न दरवर्षी तसाच राहतो.

आपल्याकडची आग बहुतेक जमिनीलगतची असते. मोठी झाडे तिच्यातून तगतात, खाक होतात ती कमरेएवढी रोपे. लागोपाठ तीन वर्षे जळलेल्या जंगलात उंच झाडे उभी दिसतात आणि त्यांच्याखाली पोरेबाळे नसतात. उपग्रहाच्या चित्रात छत्र जसेच्या तसे. हे म्हातारे जंगल पडेल तेव्हाच आकडा घसरेल, आणि तोवर वीस-पंचवीस वर्षे गेलेली असतील. उपग्रहावरून येणारा वणव्याचा इशारा उपयोगी आहे आणि भारतीय वन सर्वेक्षणाकडे नाव नोंदवून तो कोणालाही मोबाइलवर मिळवता येतो. प्रत्येक ग्रामसभेच्या समितीने तो घ्यावा. पण व्हिआयआयआरएस या संवेदकाचा एक ठिपका ३७५ मीटरचा. छत्राखालची हातभर उंचीची आग त्याला दिसेलच असे नाही, आणि दिसली तरी इशारा हाती पडेपर्यंत ती टेकडी चढलेली असते.

आग लावतो कोण? मोह वेचणारे आणि विडीसाठी तेंदूपान तोडणारे, हे उत्तर ठरलेले असते. त्यात तथ्य आहे आणि ते झाकून उपयोग नाही. मोहाचे फूल पहाटेपासून गळू लागते. खाली पाचोळा असला तर त्यातून एकेक फूल निवडताना सकाळ सरते, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देतात आणि आग झाडाखाली थांबत नाही. उपाय दोन. पहिला, फुले सुरू होण्याआधी फांद्यांच्या घेरापेक्षा थोडे मोठे अंगण झाडून घ्यायचे, पाला एका बाजूला ओढून खताच्या खड्ड्यात घालायचा आणि नंतर रोज संध्याकाळी हात फिरवायचा. दुसरा, झाडाखाली चार खुंटांवर कमरेच्या उंचीला जाळी ताणायची, मधला भाग किंचित खोलगट ठेवायचा. फुलाला माती लागत नाही, वाळवल्यावर रंग उजळ राहतो. जाळीचे दोष असे, की मोठ्या मोहाला एक जाळी पुरत नाही, माकडे आणि गुरे ती फाडतात आणि वाऱ्याच्या दिवशी अर्धी फुले बाहेरच पडतात. म्हणून जाळी वाटून मोकळे होण्यापेक्षा कोणते झाड कोणाच्या घराचे, हे ग्रामसभेने लिहून घ्यावे. झाडाला धनी असला की अंगण झाडले जाते.

तेंदूचे दुखणे खोल आहे. चांगला नवा पाला यावा म्हणून झुडपे खुडतात. त्याला खुटकटाई म्हणतात. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीलगत नीट कापून केली तर आगीची गरजच पडत नाही. पण कापायला मजुरी लागते, काडी फुकट असते. कंत्राटदाराने खुटकटाईचे पैसे वाचवले, की मार्चमध्ये जंगल कोणी पेटवले, हे कोणालाच ठाऊक नसते. त्यावर अवकाळीची भर. सत्तर पानांचा पुडा, असे हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. पुडे फळीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या जागी, ओळीने मांडून आठवडाभर उन्हात उलटसुलट वाळवायचे असतात. मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक वळीव पडला तरी पान काळवंडते, बुरशीचे ठिपके धरते आणि ठेकेदार तो माल नाकारतो. गारपीट झाली तर पान झाडावरच फाटते. करारात हे नुकसान कोणाचे, ते लिहिलेले नसले, तर ते नेहमीच वेचणाऱ्याच्या माथी येते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने याचा सोक्षमोक्ष लावला. २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाल्यावर तिने तेंदू तोडणेच बंद केले आणि बांबूवर भिस्त ठेवली. प्रत्येक गावाला हे परवडणार नाही. परंतु हवामान, आग आणि उत्पन्न यांचा एकत्र विचार करून घेतलेला निर्णय कसा असतो, हे पाचगावकडे पाहून कळते.

बांबूबद्दल थोडक्यात. यंदाचे वास्ते (कोवळे कोंब) आणि गेल्या वर्षीच्या काठ्या सोडून दोन वर्षांवरचा बांबूच काढायचा. जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेराच्या लगेच वर, म्हणजे खुंटात पाणी साचत नाही. पावसाळ्यात कोयता बंद. घाई झाली, की तोडणारा बेटाच्या कडेचे कोवळे बांबू कापतो, कारण ते हाताशी असतात, आणि मधला जुना गुंता तसाच राहून बेट गुदमरते. मानवेल जातीचा बांबू फुलला, की बेटच्या बेट वाळते आणि जंगलात सरपणाचा डोंगर उभा राहतो. त्या वर्षीचा वणव्याचा आराखडा वेगळा हवा.

ही सगळी बारीकसारीक माहिती ज्या कागदावर एकत्र येते, त्याला सामूहिक वनहक्क क्षेत्राचा व्यवस्थापन आराखडा म्हणतात. नियम ४ प्रमाणे तो ग्रामसभेची समिती करते. तो वनविभागाच्या सूक्ष्म आराखड्यांशी आणि कार्य आयोजनेशी, म्हणजे विभागाच्या दीर्घ मुदतीच्या आराखड्याशी, जोडायचा आहे. जोडताना समितीला आवश्यक वाटतील ते फेरबदल करायचे आहेत. शब्द ‘समितीला’ असा आहे. प्रत्यक्षात ग्रामसभेचा आराखडा कार्य आयोजनेत बसतो का, ते तपासले जाते आणि न बसणारा भाग गाळला जातो. छत्तीसगडमध्ये २०२५ साली वनविभागाने या कामात स्वतःकडे मुख्य यंत्रणेची (नोडल) भूमिका घेणारे पत्रक काढले आणि विरोध झाल्यावर मागे घेतले. आपल्याकडे पत्रकाची गरजही पडत नाही, निधी न देऊन तेच साधते. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाची सप्टेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वे याच आराखड्यांसाठी आहेत. ती मराठीत, सोप्या भाषेत ग्रामसभांपर्यंत पोहोचवणे हे तरी होण्यासारखे काम आहे.

पैसा नाही, असेही नाही. वनजमीन इतर कामांना दिल्याबद्दल जमा होणाऱ्या भरपाई वनीकरण निधीचा कायदा २०१६ चा, नियम २०१८ चे. वनजमिनीवरची कामे ‘ग्रामसभा किंवा ग्राम वन व्यवस्थापन समिती’ यांच्याशी सल्लामसलत करून आणि वनहक्क कायद्याशी सुसंगत व्हावीत, असे त्यात आहे. सगळी गोम त्या ‘किंवा’मध्ये आहे. गावात जुनी संयुक्त वन व्यवस्थापन समिती कागदावर जिवंत असते. तिच्या अध्यक्षाची आणि वनरक्षकाची सही झाली, की सल्लामसलत उरकते आणि हक्कधारक ग्रामसभेला खड्डे खणल्यावर कळते. ज्या क्षेत्राला सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तिथे ही पळवाट शासन निर्णयाने बंद करावी. ग्रामपंचायतीचा ठरावही चालणार नाही. वनहक्क नियमांत ग्रामसभेच्या बैठकीला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश महिला लागतात.

ठरावात काय असावे, हेही सांगायला हवे, कारण ‘वृक्षलागवडीस मंजुरी देण्यात येत आहे’ एवढ्या एका ओळीवर हेक्टरच्या हेक्टर गेले आहेत. कक्ष क्रमांक (वनविभागाने पाडलेल्या जंगलाच्या तुकड्याचा क्रमांक) आणि हेक्टर. प्रजाती आणि प्रत्येकीची संख्या. आधीचे कोंब कापायचे की राखायचे. राखण किती वर्षे, कोण करणार आणि त्या प्रत्येक वर्षीची मजुरी कोण देणार. चराई कुठे चालू राहील. आणि नवा मुद्दा, जो अजून कोणी विचारत नाही : या झाडांवर हरित पत किंवा कार्बनचे श्रेय मिळाले, तर ते कोणाच्या नावावर जमा होणार? हजेरीच्या वहीवर आधी सह्या आणि ठराव नंतर, ही सवय मोडायची तर ठराव बैठकीतच लिहून, वाचून, मगच सह्या घ्याव्यात.

ग्रामसभांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. तेंदूची रॉयल्टी आली की पै न् पै घरटी वाटून टाकायची आणि मार्चमध्ये जाळरेषेला पैसे नाहीत म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे जायचे, हे बरोबर नाही. उत्पन्नातला ठरावीक हिस्सा जंगलासाठी वेगळ्या खात्यात टाकण्याचा ठराव हंगामाआधी झाला पाहिजे. पैसा हातात आल्यावर तो होत नाही. ठेकेदार रॉयल्टी बुडवतात, ही तक्रार खरी आहे, पण बयाणा आणि बँक हमी न घेता फळी सुरू करू देणारे आपणच असतो. कोरची तालुक्यात ग्रामसभांनी महाग्रामसभा उभारली. एकट्या गावापेक्षा अशा संघाला ठेकेदाराशी भाव ठरवणे सोपे जाते.

दुसरीकडे कायद्याची पकड सैल होत आहे. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनंतर वनजमीन इतर कामांसाठी वळवायला केंद्राची अंतिम मंजुरी वनहक्कांच्या पूर्ततेसाठी थांबत नाही. ती जबाबदारी राज्यावर टाकली आहे. २०२३ च्या दुरुस्तीने नक्षलग्रस्त भागात सार्वजनिक उपयोगाच्या प्रकल्पांना पाच हेक्टरांपर्यंत सूट देण्याची वाट उघडली. म्हणजे गडचिरोलीत वनहक्कांची पूर्तता तपासणारे केंद्राचे दार आता वाटेत नाही. राज्याने स्वतःहून ग्रामसभेची संमती मागितली, तरच ती मागितली जाईल. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ग्रामसभांना निर्णयाचा अधिकार दिला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. तो निकाल आजही कायम आहे.

तातडीचे काम मात्र याहून साधे आणि बिनखर्चाचे आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार हक्क मान्य झालेल्या जंगलाचा अंतिम नकाशा करून महसूल आणि वन अभिलेखांत नोंद करायची असते, आणि तीही जास्तीत जास्त तीन महिन्यांत. कित्येक हक्कपत्रांसोबत आजही नकाशा नाही, काहींवर कक्ष क्रमांक चुकले आहेत, काहींवर कायद्यात नसलेल्या अटी टाकल्या आहेत. अभिलेखात नोंदच नसेल, तर लागवडीची जागा निवडणाऱ्या अधिकाऱ्याच्या संगणकावर ते जंगल रिकामेच दिसणार. जिल्हास्तरीय समित्यांनी येत्या पावसाळ्याच्या लागवडीची ठिकाणे जाहीर करण्याआधी सामूहिक वनहक्काची यादी आणि लागवडीची यादी शेजारी शेजारी ठेवून कक्षनिहाय ताडून पाहावी. जिथे दोन्हीकडे तोच कक्ष क्रमांक निघेल, तिथे कुदळ न लावता आधी ग्रामसभेला पत्र द्यावे.

कळावे,
सामूहिक वनहक्क व्यवस्थापनात काम करणारे काही वाचक, गडचिरोली